घडी न मोडलेलं नाव

माझे सासरे शिलाई मशिनं दुरुस्त करतात. सत्तरी गाठली तरी रोज सकाळी साडेनवाला खांद्याला कॅनव्हासची पिशवी अडकवून बाहेर पडतात. पिशवीत चार स्क्रूड्रायव्हर, एक पक्कड, सुयांची डबी, खालच्या दोऱ्याची दोन-तीन जुनी शटलं, तेलाची कुपी आणि दात घासायचा एक म्हातारा ब्रश. हा ब्रश मशिनच्या कापड सरकवणाऱ्या दातांसाठी असतो, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. लग्न ठरायच्या आधी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा हा गृहस्थ एका लोखंडी धुडाचे दात घासत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "बसा. याचं तोंड धुऊन झालं की तुमच्याकडे बघतो."

सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. कारखान्यातले म्हणतात, शेजारी म्हणतात, सासूबाईसुद्धा चारचौघांत मिस्त्रीच म्हणायच्या. मला वाटायचं, धंद्यावरून पडलेलं नाव आहे, चिकटलं. ते त्यांनी स्वतःहून अंगाला चिकटवून घेतलंय, हे कळायला मला सहा वर्षं आणि एक मूल लागलं.

त्यांचा कान मोठा तयार. गिऱ्हाइकाचा फोन आला की म्हणतात, "बोलू नका. फोन मशिनजवळ धरा आणि पायडल मारा." मग डोळे मिटून ऐकतात. अर्ध्या मिनिटाने निकाल. "सुई वाकडी आहे. नवी घाला. माझं काही काम नाही." सासूबाई कपाळावर हात मारायच्या. "घरी बसून गिऱ्हाईक परतवणारा एवढा एकच मिस्त्री!"

दोघांची ओळखही मशिनवरूनच झाली होती. सासूबाई तरुणपणी शर्टांच्या कारखान्यात कॉलर बसवायच्या. दर शनिवारी मिस्त्री तिथली चौदा मशिनं तपासायला यायचे. पहिल्याच शनिवारी त्यांनी सासूबाईंचं मशीन उघडलं, साफ केलं, बंद केलं आणि पुढच्या मशिनकडे वळले. मागून आवाज आला, "मिस्त्री, तुम्ही हात लावायच्या आधी हे बरं होतं."

सगळी रांग हसली. मिस्त्रींनी मशीन पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं. खडखड जाईना. शेवटी घाम पुसायला खिशातून रुमाल काढला, तर त्याच्याबरोबर एक स्क्रू टणकन खाली पडला. सासूबाई ही गोष्ट आल्यागेल्याला सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "या माणसाचा एक स्क्रू सुटलाय, हे पहिल्यांदा मी ओळखलं. मग म्हटलं, आपणच सांभाळावं."

चार वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. पोटाचं दुखणं निघालं आणि नऊ आठवड्यांत सगळं आटोपलं. माझ्या बायकोला तेव्हा तिसरा महिना होता. आईला सांगून झालं होतं, एवढंच समाधान. आई त्या अवस्थेतही म्हणाली होती, "मुलगी झाली तर माझं नाक नको येऊ दे बाई, बाकी काहीही चालेल."

त्यानंतर आम्ही दोघं मिस्त्रींकडे राहायला आलो. ते एकटे पडतील म्हणून आलो, असं लोकांना सांगायचो. खरं म्हणजे माझ्या बायकोचा पाय आईच्या कपाटापासून निघत नव्हता.

मुलगी झाली. नाक आजीचंच.

दुपारी मिस्त्री दवाखान्यात आले. आल्याआल्या तीनदा हात धुतले. नखांत जन्माचं तेल, ते काय जाणार! बाळाला हात लावायला तयार होईनात. शेवटी नर्सनेच त्यांच्या हातात दिलं. नव्या कंपनीचं मशीन पहिल्यांदा बघावं तसे ते बाळाकडे बघत राहिले, सगळीकडून, अजिबात घाई न करता.

बायको खाटेवरून म्हणाली, "बाबा, नाव ठरलंय. आईचं."

मिस्त्रींचा चेहरा एकदम उतरला.

"नको," ते म्हणाले.

"काय नको?"

"दुसरं कुठलंही ठेव. हे नको."

"अहो पण का?"

"वापरलेलं नाव मुलाला देऊ नये." त्यांनी बाळ जपून माझ्याकडे दिलं, पिशवी उचलली आणि निघून गेले.

झालं! त्या एका शब्दावरून दोन दिवस रडारड. "वापरलेलं म्हणे! माझी आई काय जुन्या बाजारातली वस्तू होती?" मी समजूत घालायला गेलो, तर माझ्यावरच पाळी. "तुम्ही तिथे उभे होतात ना? मग तोंडाला कुलूप का लावलंत?"

घरी आल्यावर अबोला सुरू झाला. बाप आणि लेक एकाच खोलीत, दहा फुटांवर, आणि मध्ये मी टपालखातं.

"बाबांना सांगा, चहा झालाय."

"तिला म्हणावं, ऐकू आलं."

दवाखान्याच्या कागदावर बाळाचा उल्लेख माझ्या बायकोच्या नावाने, 'यांची मुलगी' एवढाच. नोंदणीच्या फॉर्मवर नावाचा रकाना कोरा. शेजारीण रोज विचारायची, "ठेवलं का नाव?" एकदा बायकोने उत्तर दिलं, "आमच्याकडे नाव ठेवत नाहीत, नावं ठेवतात." मिस्त्री कोपऱ्यात शटल पुसत होते. ऐकलं आणि आणखी जोरात पुसायला लागले.

गंमत म्हणजे बाळाशी त्यांचं छान जमलं होतं. ते तिला मॅडम म्हणायचे. सकाळी निघताना वाकून विचारायचे, "काय मॅडम, निघू का कामाला? काही तक्रार?" मॅडम मूठ तोंडात घालायच्या. "बरं. लिहून घेतो." स्वयंपाकघरातून बायको हे ऐकायची आणि भांडं आपटायची, पण पूर्वीइतक्या जोरात नाही.

असा दीड महिना गेला. एका सुट्टीच्या दिवशी मिस्त्रींना गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मशिनचं डोकं पोचवायचं होतं. कारखान्याच्या मशिनचं डोकं म्हणजे तीस किलोचा मामला, त्यात दुसरा मजला, आणि त्यांचा खांदा धरलेला. म्हणून मी बरोबर गेलो. मालकाने किल्ली दिली होती. आत कोणी नव्हतं. वीस मशिनं कापडाखाली झाकलेली, जमिनीवर दोऱ्यांचे तुकडे, भिंतीला टांगलेल्या अर्धवट बाह्या. त्यांनी डोकं टेबलावर बसवलं, मी बॅटरी धरली.

जरा वेळाने म्हटलं, "बाबा, मी तिची बाजू मांडायला आलेलो नाही. पण ती रोज रडते. निदान कारण तरी सांगा."

त्यांनी पट्टा चढवला. चाक हाताने दोन वेळा फिरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझं नाव माझ्या आधी एकाचं होतं."

मला कळलं नाही.

"माझ्या आधी एक भाऊ झाला होता. तो गेला. मग मी झालो, तर त्याचंच नाव मला लावलं. आई त्याला 'पहिला' म्हणायची. मी काही फोडलं, कुठे धडपडलो, की सुरू. पहिल्याने कधी हट्ट केला नाही. पहिल्याने कधी उलटून उत्तर दिलं नाही. पहिला एका जागी शांत असायचा." त्यांनी ब्रश घेतला. "मी कसा होतो ते तुम्ही ओळखलं असेल. घरातलं घड्याळ नवव्या वर्षी खोललं. परत जोडता आलं नाही."

"केवढा होता तो, गेला तेव्हा?"

"असेल पाच-सहा वर्षांचा."

"असेल म्हणजे?"

"कोणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मला तो दिसायचा तो पाच-सहा वर्षांचाच. नीट भांग पाडलेला. मी सात वर्षांचा झालो, तेव्हा तो आठ वर्षांचा दिसायला लागला. मी चौथीत नापास झालो, त्या वर्षी तो पाचवीत पहिला आला." ते हसले नाहीत. "सतत एक वर्ष पुढे. त्याला गाठता येईना."

मी बॅटरी या हातातून त्या हातात घेतली.

"आईच्या ट्रंकेत एक झबलं होतं. काठाला लाल दोऱ्याने माझं नाव शिवलेलं. मला इतका आनंद झाला! तिच्याकडे घेऊन गेलो. तिने माझ्या हातातून ते काढून घेतलं, घडी घातली आणि म्हणाली, ते तुझं नाही. बस. तेराव्या वर्षी आई गेली. थोरली बहीण तोवर सासरी गेलेली, आणि बाबांना विचारायची छाती नव्हती. पण त्या झबल्यापासून कोणी मला नावाने हाक मारली, की वाटायचं, मागे तो उभा असेल. आधी त्याला ओ देऊ दे. कामाला लागल्यावर लोक मिस्त्री म्हणायला लागले, तेव्हा कुठे बरं वाटलं. ते माझं होतं. माझ्या हाताने मिळवलेलं."

त्यांनी पायडल दाबलं. मशीन एकसारखं चालायला लागलं. त्यांनी कान दिला, मान हलवली, बंद केलं.

"त्या पोरीला मी यात ढकलणार नाही. उद्या ती चुकली की कोणीतरी म्हणणार, आजी अशी नव्हती. आणि जावईबापू, ते म्हणणारा दुसरा कोणी नसेल. मीच असेन. मला माझी खात्री आहे."

घरी येऊन मी हे सगळं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मला का नाही सांगितलं कधी?" आणि थोड्या वेळाने, "आता मी काय करू? नाव सोडवत नाही, आणि हे ऐकल्यावर धरवतही नाही." दुसऱ्या दिवशी तिने जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला नावांची यादी करायला घेतली. संध्याकाळी बघितलं, तर सगळ्या नावांवर काट मारलेली. पण त्या दिवशी चहाचा कप मात्र तिने स्वतः बाबांच्या हातात नेऊन दिला. माझी टपालखात्याची नोकरी तिथे संपली.

पुढच्या आठवड्यात अक्का आल्या. अक्का म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण, त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या त्या तिथल्याच झाल्या. गुडघे कामातून गेलेले, एका कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे बोलणं सगळं गच्चीवरून बोलल्यासारखं. नातीला बघायला चार तास बसमधून हाडं खिळखिळी करून घेत आल्या. विणलेल्या दोन टोप्या आणि बिस्किटांचा डबा बाहेर काढला, बाळाला मांडीवर घेतलं, नाक बघितलं आणि म्हणाल्या, "आली गं बाई! नाकासकट आली." मग विचारलं, "नाव काय?"

मिस्त्री खिडकीजवळ उभे राहून सुईत दोरा ओवत होते. ओवलेलाच दोरा काढून पुन्हा ओवायला लागले.

शेवटी माझी बायको म्हणाली, "आत्या, मी आईचं ठेवणार होते. बाबा नको म्हणतात. त्यांचं त्या पहिल्या काकांपायी जे झालं, ते हिचं व्हायला नको."

"कोण पहिले काका?"

"बाबांच्या आधीचे. पाच-सहा वर्षांचे होऊन गेले ते."

अक्कांनी बाळाच्या अंगावरचा हात थांबवला. "कोण म्हणतं पाच-सहा वर्षांचे?"

बायकोने मिस्त्रींकडे बघितलं. अक्कांनीही बघितलं.

"धाकट्या," अक्का म्हणाल्या, "अरे, अकरा दिवसांचा होता तो!"

मिस्त्रींच्या हातातली सुई पडली. ती शोधायला ते वाकले नाहीत.

"पण आई म्हणायची, त्याने कधी हट्ट केला नाही."

"अकरा दिवसांत कसला हट्ट करणार?"

"कधी उलटून उत्तर दिलं नाही, म्हणायची."

"तोंड उघडलं ते जांभई द्यायला! तीसुद्धा मी एकदाच बघितली, काचेतून."

"एका जागी शांत असायचा, म्हणायची."

"पेटीत ठेवला होता रे दवाखान्यात, काचेच्या पेटीत. दिवसांआधीच झाला होता, एवढासा. हलणार कुठे?" अक्कांचा आवाज खाली आला, आणि त्यांचा खाली आलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "आई तसं बोलायची खरी. तू सगळं घर डोक्यावर घ्यायचास. ती रागवायला लागली की तिच्या तोंडून ते निघायचं, आणि मग आत जाऊन डोळे पुसायची. मला वाटायचं, तुला सगळं ठाऊक आहे. तुला कोणीच सांगितलं नाही?"

मिस्त्री खुर्चीवर बसले. बसताना खुर्ची आहे की नाही ते हाताने चाचपून बघितलं.

"आणि नाव?" त्यांनी विचारलं.

"कसलं नाव? त्याला नाव ठेवलंच नव्हतं. ठरलं होतं फक्त. आईने कितीतरी आधी ठरवलं होतं, झबल्यावर शिवूनही ठेवलं होतं. घरी आणलं की हाक मारू, म्हणायची. घरी आलाच नाही. तीन वर्षांनी तू झालास. बाबा म्हणाले, दुसरं नाव बघू. आई म्हणाली, का? त्या नावाची अजून घडीसुद्धा मोडलेली नाही. कोणी एकदा हाक मारली नाही त्या नावाने. इतकं चांगलं नाव मी ट्रंकेत ठेवून देऊ?" अक्कांनी बाळाला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. "पहिली हाक मी मारली. तुला. आठ वर्षांची होते. बाबा म्हणाले, हाक मार बघू तुझ्या भावाला. मी अशी काही किंचाळले, की तू दचकून तासभर रडलास आणि मी धपाटा खाल्ला."

"मग ते झबलं?" मिस्त्री म्हणाले. "आई मला म्हणाली होती, ते तुझं नाही."

"नव्हतंच तुझं! तुझं असायला तू त्यात मावायला नको? तुला घालायलाच काढलं होतं ते. पण तू जन्मलास सव्वाचार किलोचा. डोकं आत जाईना. आई ओढतेय, मी ओढतेय, तू बोंबलतोयस. शेवटी आई हसायला लागली. इतकी हसली, की तिला भिंतीला टेकावं लागलं. म्हणाली, हे काही याचं नाही, याला तंबू शिवायला हवा." अक्कांनी पदराने डोळे पुसले. "धाकट्या, तीन वर्षांत मी आईला हसताना बघितलं नव्हतं."

मिस्त्री उठून गॅलरीत गेले आणि कठड्याला धरून, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. बायको त्यांच्यामागे जायला निघाली, तर अक्कांनी तिला हातानेच थांबवलं. थोड्या वेळाने मीच जाऊन बघितलं. तोंडावर रुमाल धरून ते हसत होते आणि रुमाल भिजलेला होता.

"साठ वर्षं, जावईबापू," ते म्हणाले. "साठ वर्षं मी अकरा दिवसांच्या पोराला घाबरून राहिलो."

अक्का चार दिवस राहून गेल्या. त्या चार दिवसांत मिस्त्री कामाला गेले नाहीत. दोघं भाऊबहीण गॅलरीत बसायची, आणि ते अक्कांना एकेक गोष्ट विचारायचे. तो काळा होता की गोरा? आई कुठे बसून झबलं शिवत होती? बाबा रडले का? अक्का आठवेल तेवढं सांगायच्या, आठवत नसेल तिथे "ते मला नाही ठाऊक, उगाच कशाला सांगू?" म्हणायच्या. ओरडूनच बोलायच्या, त्यामुळे आमच्या घराण्याचा सगळा इतिहास खालच्या दुकानदारालाही पाठ झाला.

नावाचा विषय बायकोने काढला नाही. मिस्त्रींनीच काढला, अक्का गेल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी. ती बाळाचे कपडे वाळत घालत होती आणि ते तिला एकेक चिमटा देत होते.

"माझं नाव कोरं निघालं," ते म्हणाले, "पण तुझ्या आईचं कोरं नाही. एकसष्ट वर्षं वापरलंय तिने. चांगलं दणकून वापरलंय."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

तिने लंगोट तारेवर टाकला. "बाबा, मला दुसरी आई नकोय. ती मिळत नाही, एवढं कळतं मला. पण आई गेल्यापासून या घरात तिचं नाव कोणी मोठ्याने घेत नाही. कुठल्या कागदावर लिहायला सांगावं लागलं तरी सगळे कुजबुजतात. मला ते नाव ओरडायचंय. खाली उतर, पडशील, म्हणून ओरडायचंय. आणि ओरडल्यावर कोणीतरी ओ द्यायला हवंय."

मिस्त्रींच्या हातात एक चिमटा राहिला होता. तो त्यांनी उघडला, मिटला, उघडला.

"माझ्या दोन अटी आहेत."

"बोला."

"आजी अशी नव्हती, असं या घरात कोणी म्हणायचं नाही. मी म्हटलं तर मला थांबवायचं."

"कबूल. दुसरी?"

"तिला आजीचं सगळं सांगायचं. केवढी होती, कशाने गेली, सगळं. आणि चुका आधी सांगायच्या. चांगलं मागाहून सांगितलं तरी चालेल. मला कोणी सांगितलं नाही, म्हणून मी एक सद्गुणी पोरगा मनातल्या मनात वाढवून बसलो."

"आईच्या चुका?" बायको म्हणाली. "मग दिवस पुरायचे नाहीत." आणि ती हसली आणि रडली, आणि बाळाचे दोन धुतलेले मोजे खाली रस्त्यावर पडले, ते आणायला अर्थातच मला धाडलं.

नोंदणी कार्यालयात मिस्त्री स्वतः आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी फॉर्म भरत होतो, पण नावाचा रकाना त्यांनी मला भरू दिला नाही. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "मुलीचं नाव?"

मिस्त्री वरच्या पंख्याकडे बघायला लागले.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सहा वर्षांत मी त्यांच्या तोंडून सासूबाईंचं नाव एकदाही ऐकलं नव्हतं. 'अगं', 'ऐकलंस का', 'कुठे गेलीस', यांवर चाळीस वर्षांचा संसार झाला होता. त्यांनी घसा साफ केला आणि नाव सांगितलं, इतकं हळू, की शेजारी असून मलाही नीट ऐकू आलं नाही.

"मोठ्याने बोला हो, पंख्याचा आवाज आहे," कारकून म्हणाला.

ते मोठ्याने बोलले. रांगेतली दोन माणसं वळून बघायला लागली, इतक्या मोठ्याने.

"वेलांटी पहिली की दुसरी?"

"दुसरी," मिस्त्री ताबडतोब म्हणाले. "ती दुसरी द्यायची."

मी छापखान्यात प्रूफं तपासतो. नियमाने तिथे पहिली हवी, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. सासूबाई आयुष्यभर आपलं नाव चुकीचं लिहीत आल्या होत्या. मी गप्प बसलो. माझ्या मुलीच्या जन्मदाखल्यावर ती चूक शिक्क्यानिशी उमटली आहे, आणि नोकरीत जन्म घालवून सोडून दिलेली एवढी एकच चूक मला आवडते.

आता ती साडेतीन वर्षांची आहे. नाक सोडलं तर आजीचं तिच्यात काही नाही. सासूबाई भिंतीशीही गप्पा मारायच्या. ही परकं माणूस दिसलं की टेबलाखाली जाते. सासूबाईंना गोड आवडायचं, ही ताटातलं मीठ बोटाने चाटते. आणि अटीप्रमाणे तिला आजीच्या चुका तोंडपाठ आहेत. पत्ते खेळताना आजी समोरच्याच्या चष्म्यात बघून त्याची पानं ओळखायची. आजीने बोलता बोलता एका वर्षात तीन पातेली जाळली. आजीने एकदा एका गिऱ्हाइकाची कॉलर उलटी शिवली आणि हीच नवी फॅशन आहे असं पटवून त्याला घरी पाठवलं. घरी पाहुणे आले, की पोरगी टेबलाखालून हळूच सांगते, "माझ्या नावाची आजी होती. ती खोटं खेळायची." हे सांगताना तिच्या तोंडावर जो अभिमान असतो, तो बघायला पाहुण्यांना टेबलाखाली वाकावं लागतं.

अट फक्त एकदा मोडता मोडता राहिली. गेल्या महिन्यात मिस्त्री जेवायला उठले, तेवढ्यात पोरीने कामाचं पांढऱ्या दोऱ्याचं मोठं रीळ घेऊन खुर्च्यांचे पाय, टेबल, दाराची कडी आणि स्वतःला एकत्र गुंडाळून टाकलं. मिस्त्री आले, बघितलं आणि भडकले. मोठ्याने तिचं नाव घेतलं. म्हणाले, "तुझ्या आजीने कधी..."

आणि थांबले. आतून माझी बायकोही बाहेर येऊन उभी राहिली. पोरगी दोऱ्यांतून मान वर करून बघत होती, कारण आजीची नवी गोष्ट येणार, एवढं तिला कळलं होतं.

"तुझ्या आजीने," मिस्त्री म्हणाले, "दोन रिळं संपवली असती."

"मग तू काय केलं असतंस?"

"काय करणार? बसलो असतो सोडवत."

ते जमिनीवर बसले. गुडघा कटकन वाजला. त्यांनी दोऱ्याचं एक टोक शोधून तिच्या हातात दिलं आणि दुसरं आपण घेतलं. संध्याकाळपर्यंत आजोबा-नात तो गुंता सोडवत होती. निम्मा दोरा शेवटी कापावाच लागला.